राजीखुशीचा कागद

जिजी, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, किती शांत बाई होती. मी मान हलवतो. पण तू शांत नव्हतीस, हे मला आणि हिला, तुझ्या भावजयीला, चांगलं माहीत आहे. राग आला की तू बोलायची नाहीस, घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायचीस. गेल्या दीड वर्षात आपल्या घरची भांडी फार घासली गेली. तेव्हा मला वाटायचं, शाळेत काही त्रास असेल.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू चौदाची. पाटीवर माझा हात धरून अक्षर तूच गिरवून घेतलंस. पुढे तुझं लग्न झालं, भाऊजी लवकर गेले, तू इंदूरला, छत्रीबागेत आपल्या घरी परत आलीस आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झालीस. मला सरकारी दफ्तरात नोकरी लागली ती माझ्या अक्षरावर. होळकरांचं राज्य विलीन होऊन मध्यभारत झालं, साहेब बदलले, शिक्के बदलले, पण चांगल्या अक्षराची गरज तशीच राहिली. महत्त्वाचा कागद असला की साहेब म्हणायचे, दत्तूला द्या. घरी येऊन मी ते तुला सांगायचो आणि तुला बरं वाटायचं. त्या कागदांत काय लिहिलेलं असतं ते तू कधी विचारलं नाहीस. मीही लिहिताना त्याचा फार विचार करत नसे.

दीड वर्षापूर्वी माघात विळीचं पातं खिळखिळं झालं म्हणून तू नदीकाठी लोहारांकडे गेलीस. गाडिया लोहार आपण लहानपणापासून बघत आलो होतो. गाडीत जन्मायचं, गाडीत संसार करायचा, चिमटे-खुरपी-कढया करून विकायच्या आणि पुढच्या गावाला जायचं. या अकरा गाड्या मात्र दोन-तीन वर्षं खान नदीच्या काठीच थांबल्या होत्या. बैल म्हातारे झाले होते आणि शहरात काम मिळत होतं. तुझी विळी भूरा लोहाराने हातात घेतली आणि त्याची बायको धापू घण मारायला उभी राहिली. त्यांच्यात घण बाईच मारते. काम झाल्यावर धापूने गाडीतल्या पेटीतून, कपड्यांच्या तळातून, एक घडी केलेला कागद काढला. कोणी साहेब येऊन सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला होता आणि त्याची एक प्रत यांना देऊन गेला होता. तुमची नावं सरकारात लागली, आता तुम्हाला इथून कोणी उठवणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. धापूला फक्त तो कागद कोणाच्या तरी तोंडून ऐकायचा होता.

तू उभ्या उभ्या वाचलास. आम्ही खाली अंगठे करणारे, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, ही जागा येत्या दसऱ्याच्या आत सोडून जाऊ.

हे सगळं तू त्या दिवशी संध्याकाळी जेवताना सांगितलंस. मी पानात बघून जेवत होतो. तू म्हणालीस की ते वाचून दाखवताना तुझी जीभ उचलत नव्हती, आणि धापूने तुला फिरून एकदा वाचायला लावलं, कारण तिला वाटलं तू चुकीचं वाचते आहेस.

जिजी, तो कागद मी लिहिला होता. साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी दोन प्रती केल्या. त्यांना काय सांगून अंगठे घेणार, हेही साहेब माझ्यादेखत बोलले होते. नोंदणी आहे असं सांगायचं. मी ऐकलं आणि समास नीट सोडून, रेघा मारून, सुबक प्रत तयार केली. लोहारांकडे मी गेलो नव्हतो. मनात मी हीच पळवाट ठेवली होती की अंगठे मी घेतले नाहीत. तुझ्यासमोर बसून जेवताना मी हे बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी तू दोन गोष्टी केल्यास. न वाचता अंगठे घेतले, अशी लोहारांच्या वतीने अर्जी लिहिलीस, आणि शाळा सुटल्यावर नदीकाठी वर्ग सुरू करणार असं जाहीर केलंस. वर्ग मोठ्या माणसांचा. त्यावरून आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, शिकवायचंच तर पोरांना शिकव, चाळिशीच्या बाया अक्षरं गिरवून काय करणार आहेत. तू भात वाढत होतीस. "पोरं शिकून मोठी होईपर्यंत आईबापांचे अंगठे लागून गेलेले असतील," तू म्हणालीस. मग पोरंही येऊन बसतील, आईला बघून बसतील, त्याची काळजी करू नकोस, असंही म्हणालीस. झालं तसंच.

सुरुवात मात्र वाईट झाली. तू शाळेतल्यासारखा हजेरीपट घेऊन गेलीस, एकेकाला नाव विचारून लिहिलंस. दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. गाड्यांच्या आडून बाया तुला बघत होत्या आणि जवळ येत नव्हत्या. शेवटी धापूने सांगितलं की नावं लिहून रोज हजेरी घेतात ती ठाण्यात. फिरस्ते म्हणजे चोर, या संशयापायी तिचा सासरा जन्मभर गावोगावच्या पोलीस ठाण्यांत अशी हजेरी देत मेला होता. तू तो हजेरीपट भूराच्या भट्टीत टाकलास. भाता चालू होता, क्षणात गेला. मग एकेक करून माणसं येऊन बसली.

मी ते ऐकून डोक्याला हात लावला. हजेरीपट नाही तर सरकारच्या लेखी तुझा वर्गच नाही, पाट्या मिळणार नाहीत, मंजुरी मिळणार नाही, हे मी तुला दहा वेळा समजावलं. दफ्तराचा माणूस म्हणून मी बरोबरच होतो. तुझं म्हणणं असं की ज्या कागदाला ते घाबरतात तो कागद आधी बाजूला करायचा, आणि मग त्यांना कागदाजवळ आणायचं. हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. पाट्या कधीच मिळाल्या नाहीत.

पाट्या नव्हत्या तेच बरं झालं, असं तू पुढे म्हणायचीस. घण मारणाऱ्या हातात पेन्सिल टिकतच नव्हती. धापूने पहिल्या दिवशी चार मोडल्या आणि हात मागे घेऊन बसली. तू भट्टीची राख जमिनीवर पसरलीस आणि तिच्या हातात लोखंडी सळई दिलीस. सळई तिच्या ओळखीची होती. राखेत तिने पहिला 'ध' काढला तो हातभर लांबीचा होता. मग भूराला चेव आला. त्याने तापलेली सळई ऐरणीवर वाकवून 'भ' केला, त्याच्या नावाचा, आणि सगळ्यांना हातात घेऊन बघायला दिला. महिनाभरात त्याने अर्धी बाराखडी लोखंडाची करून टाकली. धापूची सून केसर सासऱ्यापुढे तोंडावर घुंघट ओढून बसायची, तिला समोरचं काहीच दिसायचं नाही. तू तिला सगळ्यांकडे पाठ करून बसवलंस आणि तिच्यासाठी वेगळी राख पसरलीस. सगळ्यांत आधी वाचायला ती शिकली.

हे मला माहीत आहे कारण रविवारी तू मला ओढून न्यायचीस. खडू आणायला, चित्रं लटकवायला, काहीतरी काम काढायचीस. मी तिथे गेलो की बसायला बाज टाकायचे, केसर चहा आणायची. भूराने एकदा माझ्या सायकलचं कॅरिअर न सांगता सरळ करून दिलं. मला वाटायचं, बेनजीचा भाऊ म्हणून करतात. तुला ते बेनजी म्हणायचे. तो चहा मला कधी धड गोड लागला नाही, पण मी पीत राहिलो. मी लिहिलेला कागद त्याच गाडीतल्या पेटीत होता, माझ्यापासून दहा हातांवर.

तुझ्या अर्जीवर साहेबांनी शेरा मारला, फिरून संमती घ्यावी. दसऱ्यानंतर, मोठी दफ्तरं राजधानीबरोबर हिवाळ्यापुरती ग्वाल्हेरला जायच्या आधी काम उरकायचं होतं. या वेळी साहेबांनी मलाच बरोबर घेतलं. कागद माझाच, शाईचं पॅडही माझ्याच हातात. तू शाळेत होतीस. तू असतीस तर मी काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

भूरा पुढे झाला. साहेबांनी आधीसारखंच सांगितलं, नोंदणी आहे, अंगठा करा. भूराने कागद घेतला आणि धापूला दिला. धापूने हात लुगड्याला पुसले आणि कागद डोळ्यांपासून लांब धरला. मग ती वाचायला लागली. एकेक अक्षर, मोठ्याने, जोडाक्षर आलं की ते टाकून पुढे. इतका वेळ लागला की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. 'राजीखुशी' या शब्दाशी ती थांबली. पुन्हा मागे गेली. पुन्हा वाचला. अकरा गाड्यांची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती आणि मी माझ्या चपलांकडे.

"म्हे राजी कोनी," ती म्हणाली.

आम्ही राजी नाही. एवढंच. साहेब म्हणाले, राजी नाही तर तसं लिहून दे. त्यांना वाटलं गंमत होईल. धापूने माझ्याकडे हात केला. मी खिशातलं पेन दिलं. तिने अंगठ्याच्या जागेवर, मी आखलेल्या रेघा ओलांडून, मोठ्या अक्षरांत लिहिलं, राजी नहीं, आणि खाली, धापू. पेन परत करताना ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला वाटलं, पेन कसं मिटायचं ते तिला समजत नसेल.

घरी येऊन मी तुला हे सांगितलं तेव्हा तू रडलीस. भाऊजी गेल्यानंतर तुला मी रडताना बघितलं ते तेव्हाच. मग तू विचारलंस, "तू तिथे काय करत होतास?" मी म्हणालो, साहेबांनी नेलं होतं, पॅड धरायला. तू थोडा वेळ थांबलीस. तू उठून भांडी घासायला गेलीस.

अशा शेऱ्याचा कागद दफ्तराने कधी बघितला नव्हता. त्याचं काय करायचं हे कोणाला समजेना, म्हणून तो ग्वाल्हेरला गेला. सगळा हिवाळा तो तिकडे पडून होता आणि त्या हिवाळ्यात तुझा वर्ग भरभरून चालला. दफ्तरं उन्हाळ्याला इंदूरला परतली तेव्हा कागदही परतला. त्यावर वरून हुकूम होता, जागा सरकारी असल्याने संमतीची गरज नाही. ज्येष्ठाच्या उन्हात अकरा गाड्या उठल्या. शिपाई पुढे, गाड्या मागे. त्यांना शहराबाहेर, राऊ गावाच्या पुढे माळावर जागा दिली. झाड नाही, विहीर नाही, एक डबकं.

त्या आठवड्यात मी तुला जे बोललो ते मला आता रोज आठवतं. मी म्हणालो, काय उपयोग झाला सांग, वाचायला शिकले, लिहायला शिकले, शेवटी गेलेच ना? अंगठे दिले असते तरी तिथेच गेले असते. तू हातातली भांडी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "आधी गेले असते तर त्यांना वाटलं असतं, आपण आपल्या राजीने गेलो. आता त्यांना माहीत आहे की हाकललं." मी म्हणालो, हे माहीत असणं काय कामाचं. जिजी, अजूनही मला याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. कधी वाटतं तू बरोबर होतीस. कधी त्या माळावरची केसरची पोरं आठवतात आणि वाटतं, हे समजून घेण्यापेक्षा पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं.

तू मात्र दर रविवारी राऊला जायला लागलीस. सकाळच्या मोटारीने महूच्या रस्त्याने जायचं, उतरून माळापर्यंत चालायचं, दिवस कलायच्या आत परत. घरून पाणी ने, असं ही तुला सांगायची. तू म्हणायचीस, त्यांच्यासमोर बसून मी माझं वेगळं पाणी पिऊ? श्रावणात ताप आला. डॉक्टरांनी मोतीझरा, म्हणजे टायफॉइड, सांगितला, पाण्यातून झाला म्हणाले. एकवीस दिवसांचा ताप असतो, उतरेल, असं सगळे म्हणत होते. विसाव्या दिवशी तू गेलीस.

त्याच्या तीन-चार दिवस आधीची ती दुपार. तू शुद्धीत होतीस, ताप जरा कमी होता. मी उशाशी बसलो होतो. तू माझा हात धरलास, पाटीवर धरायचीस तसा नाही, नुसता. आणि म्हणालीस, "दत्तू, तुला मला काही सांगायचं आहे का?"

मी म्हणालो, "औषधाची वेळ झाली."

तू औषध घेतलंस. पुन्हा विचारलं नाहीस.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी राऊला गेलो. तिकडे कोणी कळवलं नसणार, आणि कळवायचं काम माझंच होतं. माळावर पोचलो तेव्हा धापू घण मारत होती. मला एकट्याला येताना बघून तिने घण खाली ठेवला. मी सांगितलं. ती रडली नाही. तिने भूराला काहीतरी म्हटलं आणि त्याने भट्टीवर पाणी ओतलं. मग दुसऱ्या गाडीपाशी भट्टी विझली, मग तिसऱ्या. दिवसभर तिथे कोणी लोखंडाला हात लावला नाही. ज्या माळावर प्यायला पाणी नाही तिथे त्यांनी अकरा भट्ट्यांवर पाणी ओतलं, जिजी.

केसरने चहा आणला. तो हातात घेतला आणि मला राहवेना. मी म्हणालो, तुमच्या पेटीतला तो पहिला कागद मी लिहिला आहे. दुसराही. मला मालूम होतं ते तुम्हाला खोटं सांगून अंगठे घेणार आहेत.

धापू म्हणाली, मालूम है, बाबूजी.

मला वाटलं, तिने दुसऱ्या कागदाच्या वेळी ओळखलं असेल. तसं नव्हतं. पहिल्याच दिवशी, विळी घेऊन आलेली असताना, तू तो कागद दोनदा वाचून दाखवलास आणि मग खाली बसलीस. धापूने विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, हे अक्षर माझ्या भावाचं आहे, त्याला लिहायला मीच शिकवलं, म्हणून यात आधा दोष माझा. त्यांनी तुला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तू वर्ग घ्यायला आलीस.

मी विचारलं, मग मला बाजेवर का बसवायचात? चहा का द्यायचात? इतके दिवस एक शब्द का नाही बोललात?

"बेनजी ने मना किया था," धापू म्हणाली. "बोली, उसको पूछना मत. वो खुद बोलेगा."

म्हणून तू मला दर रविवारी तिथे ओढून न्यायचीस. खडू, चित्रं, सगळं निमित्त. दीड वर्ष तू रोज माझ्यासमोर जेवलीस, माझ्याशी पाट्यांवरून आणि हजेरीपटावरून भांडलीस, आणि वाट बघितलीस. एकदा तापात विचारूनही बघितलंस. आणि मी शेवटी बोललो ते तुझ्याशी नाही.

मला तुझा राग आला, हेही लिहून ठेवतो. परत येताना मोटारीत बसल्यावर आला. एकदा तोंडावर मारलं असतंस तर दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. मग राग गेला आणि नुसतं रिकामं वाटलं. तू माझा गुन्हा स्वतःच्या नावावर अर्धा लिहून घेतलास, आणि त्याची भरपाई दुपारच्या उन्हात बसून केलीस. मला मात्र कोणापुढे लाज वाटू दिली नाहीस.

निघताना धापू माळाच्या कडेपर्यंत सोडायला आली. म्हणाली, बेनजीने जोडाक्षरं पुढच्या रविवारी सांगते म्हटलं होतं. तोपर्यंत सोपे शब्द वाचता येतात, पण दोन अक्षरं एकमेकांत अडकलेली दिसली की सगळे थांबतात. सरकारी कागदात ती फार असतात. आता कोण सांगणार?

मी म्हणालो, मी येतो.

उद्या रविवार आहे. हिने बाटल्यांत उकळलेलं पाणी भरून ठेवलंय, सगळ्यांना थोडं थोडं पुरेल इतकं. खडू घेतलेत. मी आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही, जिजी. जोडाक्षर आधी तोंडी म्हणून घ्यायचं की लिहून दाखवायचं, आणि घाण्यासारखं तेच तेच होऊन माणसं कंटाळली तर काय करायचं, हे तुला विचारायचं राहिलं.